गुंतवळ

पद्मावतीच्या डोक्याची आग कुणाला दिसायची नाही. डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ आणि चुंबळीवर वैरणीचा भारा. एवढी उतरंड असल्यावर तळचं डोकं बघायला सवड कुणाला? म्हशींच्या पुढ्यात वैरण पडली की घराला बरं वाटायचं.

दुखणं सुरू झालं गेल्या दिवाळीच्या आगंमागं. आधी टाळूवर खाज सुटली. मग खपल्या धरल्या, मग केसांच्या बुडाशी बारीक पुळ्या आल्या. भारा उतरवताना पदरासकट चुंबळ डोक्याला चिकटून राहायची आणि ती सोडवताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. फणी लावली की केसांची बट मुळासकट हातात यायची, हिसका न देताच. प्रत्येक केसाच्या बुडाला पांढरं ओलसर टोपण. बट गेली तिथली कातडी गुळगुळीत होऊन चकाकायची आणि तिथं पुन्हा काही उगवायचं नाही.

तिनं कडुनिंबाचा पाला वाटून लावला. करंजाचं तेल लावलं. जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, अभिषेकानंतर उपाध्ये गंधोदक देत, ते कपाळाला लावायचं सोडून तिनं ओंजळभर टाळूवर थापलं. त्यानं मन निवलं, डोकं नाही. एकदा नवऱ्यालाही सांगून बघितलं. आप्पासो पाटील भला माणूस, पण त्यांचा भलेपणा सगळा गावासाठी. घरी येईस्तोवर तो संपलेला असायचा. "उष्णता आसंल, ताक पी," म्हणाले आणि सोसायटीच्या मीटिंगला गेले. शेवटी पू सुकावा म्हणून ती चुलीतली राख चाळून केसांत भरू लागली.

विंचरताना निघालेल्या केसांचा गुंता, म्हणजे गुंतवळ, बायका साठवून ठेवतात आणि सुया-फण्या विकणारी दारात आली की तिला देऊन टाकतात. पद्मावतीचा तो धीर झाला नाही. मुळासकट निघालेले केस बघून त्या बाईनं गावभर डांगोरा पिटला असता, आणि घरात सोळा वर्षांची लेक त्रिशला लग्नाची होती. म्हणून पद्मावती गुंतवळ एका फडक्यात बांधायची आणि न्हाणीच्या भिंतीतल्या खबदाडात कोंबायची.

भाद्रपदात जैनांच्या दशलक्षण पर्वाच्या आधी घर झाडताना ते फडकं अव्वांच्या हाताला लागलं. अव्वा म्हणजे पद्मावतीची सासू, बाळाबाई. त्यांची नजर अधू झाली होती, पण बोटं शाबूत होती आणि भक्ती तर धारदारच होती. त्यांनी फडकं सोडलं, केस चाचपले, मुळं चाचपली, राख चोळून वास घेतला आणि तशाच स्वयंपाकघरात आल्या.

पद्मावती भाकरी थापत होती.

"हे काय गं?"

पद्मावतीचा हात परातीतच थांबला. "केस हाईत, अव्वा."

"ती कळालं मला. राख लावून काडल्यात न्हवं?"

पद्मावतीनं हाताचं पीठ परातीत झटकलं. आता सगळं बाहेर येणार, त्रिशलाचं लग्न मोडणार, आपल्याला गोठ्यात वेगळं बसवणार, एवढंच तिला सुचत होतं. पण अव्वा गुडघ्यांवर हात देत खाली वाकल्या आणि त्यांनी सुनेच्या पायांवर डोकं टेकलं.

"अव्वा! हे काय करताय?"

"गप बस. गेल्या चातुर्मासात माताजींचा केशलोच बगून तू मंडपात हुंदके देऊन रडलतीस. तवाच मला वळकाय पायजे हुतं. चोरून लोच करतीस आणि जिभंवर एक सबूद न्हाई! माझ्या घरात असलं वैराग्य, आणि मी तुला शेणाच्या पाट्या उचलाय लावतो."

मंडपात पद्मावती रडली होती हे खरं. माताजी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या जैन साध्वी, पाटावर बसल्या होत्या, केसांत राख चोळून एकेक झुपका स्वतःच्या हातानं उपटत होत्या, आणि चेहऱ्यावर सुरकुतीही हलत नव्हती. बायका हुंदके देत होत्या. पद्मावतीही देत होती, पण तिचं कारण वेगळं होतं. तिच्या मनात आलं होतं, हिला आता कुणी 'ऊठ' म्हणणार नाही. भल्या पहाटे धार काढ म्हणणार नाही. केवळ हेव्यानं रडली होती ती. पण हे सासूला कसं सांगायचं?

सांगायला तेव्हाच हवं होतं. पण त्या दिवशी धार त्रिशलानं काढली. वैरण आप्पासोंनी आणली, आणि भारा डोक्यावर घेतल्यावर मान कशी आखडते हे त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं. पद्मावती दिवस असताना जेवली आणि अंधार पडायच्या आत आडवी झाली. पाठ जमिनीला टेकली तशी सगळी हाडं एकदम सुटी झाल्यागत वाटली. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या उजाडल्यावरही तिनं तेच ठरवलं.

पर्वाच्या दिवसांत बातमी वेशीबाहेर गेली. बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. आप्पासोंनी आपली वळकटी सोप्यातून कट्ट्यावर नेली आणि बायकोकडं बघताना ते पाव्हण्यासारखं अवघडून बघू लागले. जयसिंगपुरातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी त्रिशलाचं बोलणं चाललं होतं, ते बरेच दिवस लोंबकळत पडलं होतं. त्यांचा निरोप आला, अशा आईची पोर आम्हाला डोळे झाकून पसंत आहे. अव्वांनी आनंदानं सगळ्यांना गूळ वाटला. ह्या दिवाळीनंतर साधू-साध्वींचा संघ येईल तेव्हा व्रताचं विचारू, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पद्मावतीनं हातावरचा गूळ तोंडात टाकला. तो गिळताना तिला वाटलं, आता खरं सांगायची वाटच बुजली.

डोकं मात्र कुणाचं ऐकत नव्हतं. टाळूवरचा गुळगुळीत डाग आता तळव्याएवढा झाला होता आणि त्याच्या कडेनं आग पुढं सरकत होती, वाळल्या गवताला लागल्यासारखी. रात्री उशी चिकटायची. येणाऱ्या बायका म्हणायच्या, "किती सोसतीय बया, तोंडावर कळ न्हाई." त्या तेवढ्यावरच नमस्कार करून जायच्या.

आश्विनात भुईमूग काढणीला आला. रान ओलसर होतं, उपटायला सोपं, आणि आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. एक मोठा पाऊस बसला की शेंगांना जमिनीतच मोड येणार. चिमणाबाई आपल्या बायकांची टोळी घेऊन आली. दरसालची माणसं, दरसालचं रान. बायका रानात असताना पद्मावतीला घरी बसवेना. अव्वांचं न ऐकता ती गेली आणि तिनं पात धरली. वाकून उपटायचं, झटकायचं, मागं टाकायचं. ऊन वर आलं तसा घाम खपल्यांत उतरला आणि डोकं पेटलं. तेवढ्यात वावटळ आली आणि डोक्यावरचा पदर उडाला. दोन्ही हातांत वेल होते, पदर सावरायला हातच मोकळा नव्हता.

शेजारच्या पातीला चिमणाबाई होती. ती बघतच राहिली.

"पद्माक्का, लोच केल्यावर पू येतो व्हय गं?"

पद्मावतीनं पदर ओढून घेतला. दुपारी भाकरी खायला सगळ्या बाभळीखाली बसल्या, तेव्हा तिनं नेहमीसारखा तांब्याकडं हात केला. चिमणाबाईनं तांब्या उचलला आणि आपल्या मांडीमागं ठेवला. रागानं नव्हे, सहज, लेकराच्या पुढ्यातला विळा बाजूला करावा तसा. पद्मावती विहिरीवर जाऊन ओंजळीनं पाणी प्याली.

दुसऱ्या दिवशी रानात एकही बाई आली नाही.

आप्पासो चिमणाबाईच्या दारात गेले. पाटलानं मजुरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, हेच त्यांना जड गेलं होतं. वर तिनं त्यांना उंबऱ्याबाहेरच थोपवलं.

"पाटील, आमच्याबी पोरीबाळी हाईत. मोठा रोग आसंल तर?"

"तसलं काय न्हाई. लोच हाय त्यो. सगळ्या गावाला ठावं हाय."

"लोच मीबी बगितलाय, मंडपाच्या भाईरनं. त्येला पू न्हवता. दाक्तरचा सबूद आणा, आमी सगळ्याजणी येतो."

दोन दिवस तिघांनी मिळून भुईमूग काढला. नवरा, बायको आणि पोर. बांधावरून बघितलं तर काढलेलं रान अंथरुणाएवढं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी गगनबावड्याकडून ढग काळेभोर होऊन आले आणि आप्पासो म्हणाले, "उद्या कोल्हापूर गाटू. दाक्तरचा सबूद घिऊ आणि तिच्या तोंडावर मारू."

मंगळवार पेठेत तालमीसमोरच्या बोळात डॉक्टर सांगवडेकरांचा दवाखाना होता, कातडीच्या रोगांचा. बाकावर माणसं खेटून बसली होती, आणि प्रत्येकजण आपला हात, पाय, मान दुसऱ्यापासून लपवत होता. पद्मावतीला त्यातल्या त्यात हलकं वाटलं. इथं नारळ घेऊन कुणी आलेलं नव्हतं.

डॉक्टर पन्नाशीचे, आवाज बसलेला, सकाळपासून बोलून थकलेला माणूस. त्यांनी हात धुताधुताच विचारलं, "काय होतंय?"

उत्तर आप्पासोंनी दिलं. "काय न्हाई साहेब, आमच्यात केशलोच असतोय. केस हातानं उपटायचं. वैराग्याचं. ही घरातल्या घरात करत हुती. लोक कायबाय बोलत्यात. लागट न्हाई, दुसऱ्याला हुत न्हाई, एवढी चिठ्ठी दिलीसा तर बरं हुईल."

डॉक्टरांनी पद्मावतीचा पदर मागं सारून वरवर बघितलं. "स्वतः उपटलेत ना? मग उपटणं थांबवा. जखमा चिघळल्यात. मलम देतो, केस परत येतील." ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी लेखणी उचलली.

आता चिठ्ठी मिळणार होती. भुईमूग निघणार होता. जयसिंगपूरचं लग्न होणार होतं, अव्वा नमस्कार करणार होत्या, धार त्रिशला काढणार होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तर तिला जन्माची सवय होती. पण 'केस परत येतील' हे शब्द तिच्या कानात अडकले. ते येणार नाहीत, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. खोट्या दुखण्यावर खरं औषध घेऊन घरी जायचं, आणि आग तशीच कानापर्यंत उतरू द्यायची?

"मी एक बी केस उपटला न्हाई," पद्मावती म्हणाली.

"आगं..." आप्पासो तिच्याकडं वळले.

"ह्यास्नी म्हाईत न्हाई. कुणालाच म्हाईत न्हाई. केस आपसूक येत्यात, डाक्टर. हात लावला की येत्यात. राख मी पू सुकायला घातली."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि कपाटातून भिंग काढलं. मग मात्र त्यांनी घाई केली नाही. केसांची एक बट चिमटीत धरून अलगद ओढली; ती आली. मुळाचं पांढरं टोपण त्यांनी भिंगातून बघितलं. गुळगुळीत डागावरून बोट फिरवलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "छिद्रंच उरली नाहीत." तिला डोळे मिटायला सांगून डोक्यावर, हातावर, पायावर कापसाचा बोळा लावला, टाचणी टोचली, प्रत्येक वेळी कुठं लागलं ते विचारलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं. तोंड उघडायला लावून गालांच्या आतून बॅटरी मारली, नखं बघितली. मग विचारलं, "आग होते, खाज येते, की दुखतं?"

पद्मावती बोलायला लागली ती थांबेचना. चुंबळ कशी चिकटते, उन्हात कसं होतं, उशी कशी सोडवावी लागते, घाम उतरला की दात कसे आवळून धरावे लागतात. डॉक्टर मधूनमधून "कधीपासून?" एवढंच विचारत होते. बोलता बोलता तिचे डोळे वाहू लागले आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. आप्पासो भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत उभे होते.

"हा महारोग नाही," डॉक्टर म्हणाले. "स्पर्श सगळीकडं नीट कळतोय तुम्हाला. नायटाही नाही. कुणाला लागायचा नाही. आतून सूज आहे, जुनाट. शरीराचे राखणदारच केसांच्या मुळांवर उठलेत. कुंपणच शेत खातंय म्हणा की. मूळ मेलं की वर कातडी बांधली जाते, तिथं परत केस येत नाही."

"मग औशीद कशाला?" आप्पासोंनी विचारलं.

"कडेचे वाचवायला. आग थांबवायला. आणखी चार महिने असंच लोच म्हणून पूजा केली असती, तर वाचवायला काही उरलं नसतं."

त्यांनी डागाच्या कडेला बधिर करायची सुई दिली आणि ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढून बाटलीत घातला. तो तपासायला जाणार होता. पण माझी तरी खात्री आहे, म्हणाले. गोळ्या दिल्या, पातळ औषध दिलं. "हे केस बाजूला करून कडेकडेनं लावायचं. तुम्हाला तुमची टाळू दिसणार नाही, घरातल्या कुणीतरी लावायला हवं. आणि डोक्यावर ओझं बंद."

चिठ्ठीही दिली. लागट नाही, हा शब्द तेवढा आप्पासोंनी दोनदा वाचून घेतला.

गाडीत आप्पासो चिठ्ठीची घडी घालत-उलगडत बसले. शेवटी म्हणाले, "जयसिंगपूरला काय सांगू?"

"आजारी हाय म्हणून सांगा."

"आणि अव्वाला?"

"त्यास्नी मीच सांगतो," पद्मावती म्हणाली.

अव्वांना तिनंच सांगितलं, उभ्या उभ्या, चपला काढायच्या आधी. अव्वा जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माळ थांबली नाही, पण ओठ थांबले.

"म्हंजे रोग हाय."

"व्हय, अव्वा."

"आणि मी तुझ्या पाया पडलो. ह्या वयात. सुनंच्या."

अव्वांनी माळ मांडीवर ठेवली.

"माझा नमस्कार माघारी दे."

नमस्कार माघारी कसा देतात? पद्मावतीला दुसरं काही सुचेना. तिनं वाकून सासूच्या पायांना हात लावला. अव्वांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. बाहेरच्या बायकांनी विचारलं तर म्हणायच्या, "मला काय इचारता? दिसत न्हाई मला." गावानं चार दिवस हसून घेतलं आणि सोडून दिलं. जयसिंगपूरकरांनी दिवाळीनंतर बघू म्हणून कळवलं. ते आता काय बघणार, हे सगळ्यांना समजत होतं. त्रिशला आईशी वाकडं बोलली नाही, पण तिच्याकडं बघायचं मात्र टाळू लागली.

चिमणाबाईनं शब्द पाळला. चिठ्ठी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी टोळी घेऊन रानात हजर झाली. चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती. ती पद्मावतीजवळ आली आणि म्हणाली, "दावा." पद्मावतीनं भर रानात, सगळ्यांसमोर पदर काढला. चिमणाबाईनं नीट बघितलं, तोंडानं चुकचुक केली, आणि दुपारी तांब्या उचलून आपणहून तिच्या हातात दिला. भुईमूग निघाला. शेवटच्या पाट्या भरताना पाऊस आला, थोड्या शेंगा भिजल्या, पण वर्ष वाया गेलं नाही. डोक्यावर ओझं बंद होतं, म्हणून पद्मावती आता पाट्या कमरेवर वाहत होती. डोकं सुटलं आणि कंबर धरली.

नमुन्याचं उत्तर आलं, ते डॉक्टर म्हणाले होते तेच. औषध चालू ठेवायचं होतं. पण लावणार कोण? त्रिशलानं दोन दिवस लावलं, नाक आवळून, घाईघाईनं, अर्धं मानेवर सांडत. मग आप्पासोंनी एकदा हात आजमावला. गाडीच्या चाकाला वंगण द्यावं तसा त्यांनी अंगठा फिरवला आणि पद्मावती कळवळून उठली. त्यानंतर ती स्वतःच आरशाचा तुकडा धरून अंदाजानं लावू लागली. औषध भलतीकडं जायचं, आग तशीच राहायची.

एका संध्याकाळी, सगळ्यांची जेवणं होऊन गेल्यावर, ती सोप्यात अशीच झटत बसली होती. एका हातात आरसा, एका हातात बाटली. बूच दातांत. मागून काठीचा आवाज आला. अव्वांनी चाचपत तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि पाटावर बसल्या.

"बस खाली. हिकडं तोंड कर. न्हाई, तिकडं."

पद्मावती त्यांच्या गुडघ्यांशी पाठ करून बसली. अव्वांनी पदर मागं केला. अधू डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटं केसांतून वाट काढत गेली. जिथं केस होते तिथं थांबत, जिथं नव्हते तिथं हळू होत. गुळगुळीत डागाची सगळी कड त्यांनी एकदा फिरून बघितली. पुळ्या लागल्या, खपल्या लागल्या. मग कापसाचा बोळा भिजवून कडेकडेनं टिपत गेल्या. एका जागी पद्मावतीचा खांदा आपसूक उडाला.

बोटं तिथंच थांबली.

"दुखतंय व्हय गं?"

पद्मावतीनं नुसती मान हलवली. अव्वांना ती बोटांनी कळली.

"येवडं दुखत हुतं, तर बोलली का न्हाईस?"

"इचारलं कुणी, अव्वा?"

 अव्वांनी राहिलेली कड पुरी केली, बूच लावलं, हात लुगड्याला पुसले. बाहेर गोठ्यात म्हैस दावं ओढत होती.

"सकाळी धार मी काडतो," त्या म्हणाल्या. "उठू नगंस. पडून ऱ्हा."

"तुमास्नी दिसत न्हाई, अव्वा."

"म्हशीला दिसतंय की." काठीवर भार देत त्या उठल्या आणि दारापाशी जाऊन वळल्या. "एकच दिस बरं का. परवापास्नं तुझं तू."

"व्हय," पद्मावती म्हणाली. ती तिथंच सोप्यात आडवी झाली आणि पदर डोक्यावर घ्यायचाही विसरली.